रिपोर्ट निगेटिव्ह, तरी झोप नाही : एचआयव्हीची जोखीम आणि संशयाचा स्वभाव



आयोजकांनी मला ‘संशय’ या विषयावर बोला म्हणून सांगितलं. त्यांना बहुधा देकार्त अपेक्षित असावा. देकार्त मी तीस-पस्तीस वर्षं शिकवला, आज त्याला जरा विश्रांती देऊ. आज मी अशा एका संशयाबद्दल बोलणार आहे, जो वर्गात कुणी उठून विचारत नाही, पण रात्री दोन वाजता मोबाइलच्या उजेडात पुष्कळ लोक विचारत असतात. शरीरसंबंध झाला, आणि मग मनात आलं : मला एचआयव्ही तर झाला नसेल ना?

थोडी चुळबूळ झाली, दिसतंय मला. पुढच्या रांगेतल्या आजोबांनी नातवाकडे पाहिलं. राहू द्या त्याला इथेच. त्याच्या वयाच्या मुलांनाच हे ऐकायची जास्त गरज आहे.

आणि एक आधीच सांगतो. मी डॉक्टर आहे, पण तत्त्वज्ञानातला. आज सांगणार आहे ती वैद्यकीय माहिती सर्वमान्य आहे, आणि माझ्या एका वैद्यकीय मित्राला दाखवून घेतली आहे. तरी औषधाचा निर्णय डॉक्टरांसमोर बसूनच करायचा असतो. व्याख्यान ऐकून नव्हे.

पाच रिपोर्ट

काही वर्षांपूर्वी माझा एक जुना विद्यार्थी दुपारी घरी आला. त्याची परवानगी घेऊन, ओळख पटणार नाही इतके तपशील बदलून सांगतो. तिशी ओलांडलेला, चांगली नोकरी, लग्न झालेलं, चार वर्षांची मुलगी. चहा झाला, इकडचं तिकडचं बोलणं झालं, आणि मग त्याने पिशवीतून प्लास्टिकचं फोल्डर काढलं. आत पाच रिपोर्ट. पाचही एचआयव्हीचे, पाचही निगेटिव्ह.

कामासाठी परगावी गेला असताना एका स्त्रीशी त्याचा संबंध आला होता. कंडोम वापरला होता, पण शेवटी तो फाटला असावा असं त्याला वाटत होतं. या गोष्टीला दहा महिने झाले होते. सहा आठवड्यांनी तपासणी केली, निगेटिव्ह. तीन महिन्यांनी केली, निगेटिव्ह. मग पाचव्या, सातव्या, नवव्या महिन्यात. दर वेळी दोन दिवस बरं वाटायचं, तिसऱ्या दिवशी पुन्हा सुरू : नमुन्यांची अदलाबदल झाली असेल तर? माझं शरीर उशिरा प्रतिपिंडं तयार करणारं असेल तर?

मला म्हणाला, “सर, तुम्ही ज्ञानशास्त्र शिकवायचात. शंभर टक्के खात्री कशी मिळते, तेवढं सांगा.”

मी विचारलं, “अरे, घरी कसं चाललंय?” त्यावर तो बराच वेळ गप्प बसला. मग म्हणाला, “मुलगी माझ्या पेल्यातलं पाणी प्यायला आली की मी पेला काढून घेतो. तिचा पापा घेतलेला नाही, दहा महिने झाले.”

मित्रहो, त्या मुलीला कळत नव्हतं, बाबा असा का वागतो. आजचं व्याख्यान खरं म्हणजे त्या पेल्याबद्दल आहे.

विषाणू कसा जातो, कसा जात नाही

आधी साधी माहिती. एचआयव्ही हा विषाणू पॅरिसच्या पाश्चर संस्थेत १९८३ साली सापडला. तो माणसाच्या प्रतिकारशक्तीतल्या विशिष्ट पेशींमध्ये राहतो आणि वाढतो. एकाकडून दुसऱ्याकडे जायला त्याला मोजक्याच वाटा आहेत : रक्त, वीर्य आणि वीर्यापूर्वीचा स्राव, योनिमार्गातला स्राव, गुदमार्गातला स्राव आणि आईचं दूध. आणि हे द्रव नुसते बाहेरच्या कातडीला लागून भागत नाही. ते शरीरातल्या ओलसर नाजूक त्वचेपर्यंत, उघड्या जखमेत किंवा सुईवाटे थेट रक्तात पोचावे लागतात.

लाळेतून, घामातून, अश्रूंतून तो जात नाही. एका ताटात जेवल्याने, एका पेल्यातून प्यायल्याने, मिठी मारल्याने, पापा घेतल्याने, एकच संडास वापरल्याने जात नाही. डास चावल्याने जात नाही, कारण डासाच्या शरीरात हा विषाणू वाढू शकत नाही. म्हणजे बघा, माझ्या विद्यार्थ्याला समजा खरोखरच लागण झालेली असती, तरी तो पेला काढून घ्यायचं काहीच कारण नव्हतं. त्याच्या भीतीला तिचं स्वतःचं वैद्यकशास्त्रही धड ठाऊक नव्हतं.

आता आकडे. जोडीदाराला लागण झालेली आहे, तो उपचार घेत नाही आणि कंडोम नाही, अशा एका वेळच्या संबंधात लागण होण्याचा सरासरी अंदाज असा सांगतात. योनिसंबंधात पुरुषाला दहा हजारांत सुमारे ४, स्त्रीला सुमारे ८. गुदसंबंधात आत घेणाऱ्या व्यक्तीला सुमारे १३८, करणाऱ्याला सुमारे ११. मुखसंबंधात जोखीम फार कमी. आणि दूषित रक्त चढवलं गेलं तर मात्र दहा हजारांत नऊ हजारांवर.

हे आकडे पाहून दोन प्रकारची माणसं दोन प्रकारे चुकतात. एक म्हणतो, “चारच ना? मग कशाला कंडोम?” दुसरा म्हणतो, “चार! म्हणजे त्या चारांत मीच असणार.” दोघांनाही आकडा वाचता आलेला नाही.

आकडा वाचायचा कसा

पहिल्याला मी सांगेन की ही सरासरी आहे. जोडीदाराला नुकतीच लागण झालेली असेल तर त्याच्या रक्तात विषाणूंचं प्रमाण फार जास्त असतं. दोघांपैकी कुणाला गुप्तरोगाची जखम असेल तर वाट आणखी सोपी होते. आणि जोखीम दर वेळी नव्याने घेतली जाते. वर्षभर घेतलेली छोटी जोखीम छोटी राहत नाही. शिवाय गरमी, हिपॅटायटिस बी वगैरे आजार रांगेत उभे असतातच, आणि ते एचआयव्हीपेक्षा सहज पसरतात.

दुसऱ्याला मी सांगेन की या आकड्याला अटी जोडलेल्या आहेत. तर्कशास्त्रात आपण ‘जर-तर’ म्हणतो ना, तसं. *जर* समोरच्याला लागण झालेली असेल, *जर* तो उपचार घेत नसेल, *जर* कंडोम नसेल, *तर* दहा हजारांत चार. पहिलं ‘जर’च आपल्याला ठाऊक नसतं. आपल्या देशात प्रौढांमध्ये एचआयव्हीचं प्रमाण सुमारे ०.२ टक्के आहे, म्हणजे हजारात दोन. काही गटांत ते जास्त आहे. सोयीसाठी आपण शंभरात दोन मानू. शंभरात दोन गुणिले दहा हजारांत चार, म्हणजे दहा लाखांत आठ. आणि हा हिशेब कंडोम नव्हताच असं धरून केला. हे उदाहरण आहे हं, कुणाच्या आयुष्याचं भविष्य नाही. पण भीतीचा आकडा आणि हिशेबाचा आकडा यांत किती अंतर असतं, ते यातून दिसतं.

दुसरं ‘जर’ उपचारांचं, आणि तिथे गेल्या वीस वर्षांत जग बदललं. भारतात एचआयव्ही १९८६ साली चेन्नईत पहिल्यांदा आढळला. ते काम डॉ. सुनीती सोलोमन आणि त्यांची विद्यार्थिनी सेल्लप्पन निर्मला यांनी केलं. सुनीतीबाई माहेरच्या गायतोंडे, चेन्नईत स्थायिक झालेल्या मराठी घरातल्या. पुढे त्यांनी उभारलेली संस्था आणि आपल्या पुण्यातली राष्ट्रीय एड्स संशोधन संस्था, या दोन्ही एका मोठ्या आंतरराष्ट्रीय अभ्यासात सहभागी होत्या. नऊ देशांतली १७६३ जोडपी, प्रत्येक जोडप्यात एकाला लागण, दुसऱ्याला नाही. २०११ साली दिसलं की लागण झालेल्या जोडीदाराला लवकर औषधं सुरू केली, तर दुसऱ्याला होणारा संसर्ग ९६ टक्क्यांनी घटतो. नंतर युरोपातल्या अभ्यासांनी पुढचं पाऊल टाकलं : औषधांमुळे रक्तातला विषाणू मोजण्यापलीकडे कमी झालेल्या माणसांनी कंडोमविना ठेवलेले हजारो संबंध तपासले, आणि त्यांच्याकडून जोडीदाराला गेलेला एकही संसर्ग सापडला नाही.

याचा अर्थ नीट लक्षात घ्या. नियमित औषध घेणारा, विषाणू दबलेला माणूस लैंगिक संबंधातून एचआयव्ही देत नाही. आपण ज्याला घाबरतो तो ‘एचआयव्हीवाला’ बहुतेकदा आपल्या डोक्यातला, १९९० सालच्या भिंतीवरच्या कवटीच्या चित्रातला असतो.

पहिले बहात्तर तास

भीतीला वाईट म्हणायला मी आलेलो नाही. भीती एका काळात फार उपयोगी असते, आणि तो काळ म्हणजे घटनेनंतरचे पहिले तीन दिवस.

खरी जोखीम घडली असेल, म्हणजे कंडोम नव्हता, फाटला, किंवा जबरदस्ती झाली, तर ७२ तासांच्या आत एचआयव्हीविरोधी गोळ्या सुरू करता येतात. याला पेप म्हणतात. गोळ्या २८ दिवस, एकही दिवस न चुकवता घ्यायच्या. जितक्या लवकर तितकं चांगलं, पहिल्या काही तासांत सर्वांत उत्तम. ७२ तासांनंतर त्या सुरू करण्यात अर्थ उरत नाही. घ्यायच्या की नाही हे डॉक्टर जोखीम पाहून ठरवतात. मोठ्या रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात किंवा एआरटी केंद्रावर जाऊन विचारावं. राष्ट्रीय हेल्पलाइन १०९७ आहे, ती मोफत आहे.

गंमत अशी, गंमत म्हणजे दुःखाचीच, की या तीन दिवसांत माणूस लाजेने घरात बसतो आणि त्यानंतर दहा महिने पळापळ करतो. माझ्या विद्यार्थ्यानेही तेच केलं होतं. धावायचं होतं तेव्हा बसला, आणि थांबायचं होतं तेव्हा धावला.

रिपोर्ट काय सांगतो

लागण झाल्याबरोबर तपासणीत दिसत नाही. मधल्या काळाला विंडो पीरियड म्हणतात. शिरेतल्या रक्तावर प्रयोगशाळेत होणारी, प्रतिपिंडं आणि विषाणूचा अंश दोन्ही शोधणारी आधुनिक तपासणी बहुतेकांत १८ ते ४५ दिवसांत लागण दाखवते. फक्त प्रतिपिंडं शोधणाऱ्या तपासणीला ९० दिवसांपर्यंत वेळ द्यावा लागतो. म्हणून साधा नियम : मधल्या काळात पुन्हा जोखीम घेतली नसेल, तर तीन महिन्यांनंतरचा निगेटिव्ह हा निगेटिव्ह. पेप घेतलं असेल तर तपासणीच्या तारखा डॉक्टरच ठरवून देतात.

या तपासण्या सरकारी रुग्णालयातल्या आयसीटीसी केंद्रावर मोफत होतात, आधी समुपदेशक बोलतो, तुमची संमती घेतली जाते. २०१७ च्या एचआयव्ही-एड्स कायद्याने संमती आणि गुप्तता दोन्ही बंधनकारक केल्या आहेत.

“सर, पण लक्षणं?” असा प्रश्न येतो. लागण झाल्यावर दोन-चार आठवड्यांत काहींना ताप, घसादुखी, अंगावर पुरळ, गाठी येतात. पण हीच लक्षणं साध्या विषाणूजन्य तापातही येतात. उलट चिंतेने तोंडाला कोरड पडते, घाम येतो, जुलाब होतात, वजन उतरतं. माणूस आरशासमोर उभा राहून दिवसातून दहा वेळा मानेच्या गाठी चाचपतो, आणि चाचपून चाचपून त्या दुखायला लागतात. लक्षणांवरून एचआयव्ही आहे की नाही हे कुणालाच सांगता येत नाही, डॉक्टरलाही नाही. ते रक्तच सांगतं.

आता जरा वेगळी गोष्ट. पुन्हा पुन्हा तपासणी करण्यात तोटा काय, असं वाटतं. तोटा आहे. समजा एक तपासणी हजारात ९९५ वेळा बरोबर उत्तर देते. दहा हजार लोक घेतले, त्यांत खरी लागण २० जणांना. ते वीसही जण सापडले असं धरू. पण उरलेल्या ९९८० मधल्या अर्ध्या टक्क्याला, म्हणजे जवळपास ५० जणांना, ती चुकून पॉझिटिव्ह म्हणेल. सत्तरांत खरे फक्त वीस. म्हणूनच एका तपासणीवर कुणाला पॉझिटिव्ह ठरवत नाहीत. वेगवेगळ्या तीन तपासण्या करून मगच निदान करतात. जो माणूस गरज नसताना वीस वेळा तपासणी करतो, तो सत्याच्या जवळ जात नाही. एखाद्या दिवशी चुकीच्या पॉझिटिव्हला सामोरं जायची शक्यता तेवढी वाढवतो.

आणि एक कळकळीची विनंती. तपासणी फुकट होईल म्हणून कुणी रक्तदान करू नये. विंडो पीरियडमधलं रक्त तपासणीतून निसटू शकतं, आणि रक्त चढवण्याचा आकडा मघाशी सांगितला, दहा हजारांत नऊ हजारांवर. आपला संशय फेडायला दुसऱ्याचा जीव टांगणीला लावायचा नाही.

संशयाला शेवट असतो का?

आता माझ्या प्रांतात येतो.

न्यायदर्शनाने सोळा पदार्थ सांगितले. त्यांत संशय तिसरा आहे आणि निर्णय नववा. म्हणजे आपल्या परंपरेने संशयाला पाप मानलं नाही, चौकशीचं दार मानलं. संशय नसेल तर शोध सुरूच होत नाही. पण दार हे आत जाण्यासाठी असतं, उंबऱ्यावर संसार थाटण्यासाठी नाही.

चार्वाकांचा एक जुना आक्षेप आहे. धूर दिसला म्हणून अग्नी आहे असं तुम्ही म्हणता, पण जगात कुठेतरी, कधीतरी अग्नीविना धूर नसेलच कशावरून? अगदी माझ्या विद्यार्थ्याचाच प्रश्न : जगात एखाद्याला उशिरा पॉझिटिव्ह आलंच नसेल कशावरून? यावर दहाव्या शतकात मिथिलेच्या उदयनाचार्यांनी दिलेलं उत्तर मला फार आवडतं. त्याचा आशय असा : संशय तिथपर्यंतच टिकतो, जिथे तो तुमच्या स्वतःच्या वागण्याशी टक्कर घेत नाही. अग्नी-धुराबद्दल शंका घेणारा माणूस धूर हवा असला की निमूटपणे चूल पेटवतो. भूक लागली की जेवतो. म्हणजे त्याची शंका फक्त जिभेवर आहे, हाता-पायांत नाही.

मी विद्यार्थ्याला विचारलं, “आज कसा आलास?” म्हणाला, “बाइकवरून.” “हेल्मेट?” ते आरशाला लटकवलेलं होतं! मी म्हटलं, “दीड तास हमरस्त्यावरून विनाहेल्मेट आलास. परमेश्वराकडून शंभर टक्के खात्रीचा कागद घेऊन निघाला होतास का?” तो हसला. दहा महिन्यांत पहिल्यांदाच, असं नंतर म्हणाला.

शंभर टक्के खात्री हा शब्द गणितात चालतो. जगण्यात आपण पुरेशी खात्री घेतो आणि पाऊल टाकतो. पुलावरून जातो, भाजीवाल्याकडची भाजी खातो, मुलाला शाळेच्या रिक्षात बसवतो. मग फक्त याच एका बाबतीत पूर्ण शून्य का हवं? या प्रश्नाचं उत्तर रक्तात नव्हतं.

प्रत्येक प्रमाणाचं क्षेत्र वेगळं

डोळ्याला रंग कळतो, आवाज कळत नाही. कानाला आवाज कळतो, चव कळत नाही. प्रत्येक प्रमाणाचं आपलं क्षेत्र असतं. रक्ताची तपासणी एकाच प्रश्नाचं उत्तर देते : विषाणू आहे की नाही. माझा विद्यार्थी तिला दुसराच प्रश्न विचारत होता : मी केलं ते माफ झालं का? बिचारी तपासणी दर वेळी ‘निगेटिव्ह’ म्हणत होती, आणि दर वेळी त्याला वाटत होतं की उत्तर मिळालंच नाही. बरोबरच आहे. प्रश्न चुकीच्या खिडकीवर विचारला होता.

आपल्याकडे आजाराकडे शिक्षा म्हणून पाहायची सवय फार जुनी. पूर्वी महारोगाकडे असंच पाहिलं, गरमीकडे पाहिलं, मग एड्सकडे. मनात कुठेतरी हिशेब चालू असतो : चूक केली आहे, तर दंड यायलाच हवा. दंड येत नाही म्हटल्यावर माणूस स्वतःच दंड करायला बसतो. मुलीचा पापा न घेणं हा दंडच होता. पण त्या दंडातला अर्धा भाग मुलगी भरत होती.

चूक झाली असेल तर तिची जागा विवेकात आहे. बायकोशी प्रामाणिक राहायचं की नाही, पुढे कसं वागायचं, हे नैतिक प्रश्न आहेत. ते कठीण आहेत. पण ते प्रयोगशाळेत पाठवून सुटत नाहीत. आणि जोपर्यंत माणूस विषाणूच्या मागे धावतो आहे, तोपर्यंत या प्रश्नांकडे बघायची वेळ त्याच्यावर येत नाही. कधीकधी मला वाटतं, चिंतेची खरी सोय हीच असते.

मात्र इतकं बोलून मी त्याला सोडलं नाही. वारंवार तपासणं, वारंवार खात्री मागणं, दोन दिवस सुटका आणि पुन्हा तेच, हा अनेकदा मनाचा आजार असतो, आणि त्यावर उपचार आहेत. बोलण्याचे उपचार आहेत, लागलं तर औषधं आहेत. अशा माणसाला घरच्यांनी “काही नाही रे तुला” असं शंभर वेळा म्हणणं हेही औषध नव्हे. ती मागणी आणखी वाढते. मी त्याला मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवलं. तत्त्वज्ञानाला आपली मर्यादा कळली पाहिजे, नाहीतर ते शिकवायचं कशाला? ज्यांना कुठे जायचं कळत नाही त्यांच्यासाठी शासनाची टेलिमानस सेवा आहे, १४४१६.

जाताना मी त्याच्याकडून एकच वचन घेतलं. सहावी तपासणी करायची नाही, आणि आज घरी गेल्यावर मुलगी पाणी मागायला आली तर पेला काढून घ्यायचा नाही. तो म्हणाला, “सर, हात थरथरेल.” मी म्हटलं, “थरथरू दे. पेला धरून ठेव.”

श्रोत्यांचे प्रश्न

*प्रश्न : बायकोला सांगायला हवं होतं का?*

दोन वेगळे प्रश्न आहेत. रिपोर्ट निश्चित होईपर्यंतचे तीन महिने तिला जोखमीत टाकायचं नाही, कंडोम वापरायचा किंवा दूर राहायचं. यात दुमत नाही, कारण इथे तिचं शरीर पणाला लागलेलं असतं आणि तिला ते माहीतही नसतं. खरी जोखीम आधीच तिच्यापर्यंत गेली असेल, तर मात्र सांगावंच लागतं, तिलाही तपासणीचा हक्क आहे. रिपोर्ट निश्चित निगेटिव्ह आल्यावर सांगायचं की नाही, हा त्यांच्या संसाराचा प्रश्न आहे. मी एवढंच म्हणेन की फक्त स्वतःचं ओझं हलकं करायला सांगू नये, आणि फक्त स्वतःला वाचवायला लपवू नये.

*प्रश्न : आणि रिपोर्ट पॉझिटिव्ह आला असता तर?*

बरं झालं विचारलंत. इतका वेळ मी निगेटिव्ह माणसाबद्दलच बोललो, आणि या सभागृहात पॉझिटिव्ह माणूसही बसलेला असू शकतो. आपल्या देशात सुमारे २५ लाख माणसं एचआयव्हीसह जगत आहेत. २००४ पासून सरकारी केंद्रांवर औषधं मोफत मिळतात, आणि २०१७ पासून निदान झालं की लगेच सुरू करतात. वेळेवर औषध घेणारा माणूस नोकरी करतो, लग्न करतो, निरोगी मुलांना जन्म देतो, म्हातारा होतो. माझ्या विद्यार्थ्याचा रिपोर्ट पॉझिटिव्ह आला असता तर त्याला रोज एक गोळी घ्यावी लागली असती, आणि मुलीने त्याच्याच पेल्यातून पाणी प्यायलं असतं.

*प्रश्न : त्या दुसऱ्या स्त्रीचं काय?*

(थोडं थांबून) हा प्रश्न मीही त्याला विचारला होता. दहा महिने तो तिच्याकडून आपल्याला काय मिळालं असेल याचा विचार करत होता. आपल्याकडून तिला काय गेलं असेल, हा विचार त्याच्या मनात एकदाही आला नव्हता. कंडोम फाटला असेल तर तो दोघांसाठी फाटतो, मंडळी. आणि मघाचा आकडा आठवा : योनिसंबंधात पुरुषाला चार, स्त्रीला आठ.

थांबतो इथे.